एकगिअरी

पुण्यात घरी सायकल असणं ही एके काळी सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. ज्याच्याकडे नसे त्याची चौकशी व्हायची. जिन्याखाली किंवा बोळात भिंतीला टेकलेली काळी सायकल घरटी एक असे आणि ती घरातल्या कोणा एकाची नसे. ज्याला आधी निघायचं त्याची. मग स्कूटरी आल्या, सायकल भंगारात गेली आणि जिन्याखाली पाण्याच्या पंपाची मोटर बसली. आता ती सायकल परत आली आहे, पण मुक्काम जिन्याखाली नाही, दिवाणखान्यात आहे. सोफ्याच्या वरच्या भिंतीवर सागवानी खुंट्या, त्यावर सायकल, सायकलीवर रोख धरलेला छोटा पिवळा दिवा, आणि त्या जागी पूर्वी असलेला लग्नातला फोटो कपाटामागे. असं घर दिसलं की खुशाल समजावं, इथे एकगिअरी राहतो.

ज्याच्या सायकलीला एकच गिअर तो एकगिअरी, अशी सरळ व्याख्या केली तर आमचा दूधवाला, पाववाला, मुंबईचे झाडून सारे डबेवाले आणि माझे आजोबा हे सगळेच एकगिअरी ठरतील. तसं नाही. त्यांच्या वाट्याला एकच गिअर आला. याने तो निवडला. त्यांनी सायकल घेतली तेव्हा दुकानात दुसरी नव्हतीच. याने आधी सत्तावीस गिअरची घेतली, दोन वर्षं वापरली, विकली, आलेल्या पैशांत तेवढेच आणखी घातले आणि सव्वीस गिअर कमी करून घेतले.

रस्त्यात तो ओळखायला सोपा. उजव्या पायाची पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, डाव्या पायाची घोट्यापर्यंत. चेन उजवीकडे असते म्हणून ही व्यवस्था. हिंजवडीला ऑफिसात पोचल्यावरही ती पँट तशीच राहते. विसरून नव्हे, कोणीतरी विचारावं म्हणून. कोणी विचारलं की त्या माणसाचा चहा गार झालाच म्हणून समजा.

तो सांगतो ते थोडक्यात असं. साध्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि आतून कटकट-कटकट असा आवाज येतो. तुम्हाआम्हाला तो आवाज सुखाचा वाटतो: उतार लागला, आता बसा निवांत. एकगिअरीला त्या आवाजात समाजाचा ऱ्हास ऐकू येतो. त्याच्या सायकलीला फ्रीव्हील नाही. मागचं दातेरी चक्र थेट हबवर आवळून बसवलेलं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, पॅडल फिरतंय तोवर पाय फिरणार. पायांना थांबायचं असेल तर आधी सायकलीला थांबवलं पाहिजे. पॅडलवर उलटा जोर दिला की वेग कमी होतो, आणि अंगात कसब असेल तर सायकल मागेसुद्धा चालवता येते. अशा सायकलीला फिक्सी म्हणतात.

"फ्रीव्हील म्हणजे सवलत," तो सांगतो. "आपल्याला सवलत नको."

हा सवलत न घेणारा माणूस चौथ्या मजल्यावर राहतो आणि सायकल लिफ्टने वर नेतो.

आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी एकदा हे सगळं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं आणि अंगणात नात फिरवत होती त्या तीनचाकीकडे बोट केलं. "ही पण तसलीच ना रे?"

तसलीच. तीनचाकीचं पॅडल पुढच्या चाकालाच जोडलेलं असतं; चाक फिरलं की पोराचे पाय फिरलेच. गेल्या शतकाआधीची ती एक अवाढव्य आणि एक चिमुकल्या चाकाची विलायती सायकलही तशीच होती. म्हणजे बहुतेक माणसं आयुष्यातलं पहिलं वाहन फिक्सीच चालवतात आणि चार-पाच वर्षांची झाली की शहाणी होतात. एकगिअरी क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "काका, तेच तर! आपण तिथूनच बिघडलो."

पंथ म्हटला की पुराण आलं. एकगिअरीचं पुराण फ्रान्सात सुरू होतं. तूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज हे त्याचे आद्य ऋषी. या गृहस्थांनी १८९३ मध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल हाणून पहिला अधिकृत तासाचा विक्रम केला होता. एकगिअरीला स्वतःच्या लग्नाची तारीख सांगताना अडखळायला होतं, पण हा आकडा तो दशांशचिन्हापुढल्या तीन स्थळांसकट सांगतो. देग्रांज यांचं मत असं की गिअर हे थकलेल्यांचं काम. त्यांनी शर्यतीची सूत्रं खाली ठेवली तेव्हा कुठे १९३७ साली तूरमधल्या संघांना डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलीत गिअर बदलणारं यंत्र, वापरायची मुभा मिळाली. तोवर घाटाच्या पायथ्याशी भलेभले शर्यतपटू सायकलीवरून उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं करून बसवायचे आणि पुढे निघायचे. चाकाच्या एका अंगाला सपाटीचं चक्र, दुसऱ्या अंगाला चढाचं. हे उलट्या चाकाचं प्रकरण वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे लागणार आहे.

दुसरा अध्याय जपानचा. तिथे १९४८ साली कोकुरा शहरात केरिन नावाच्या शर्यती सुरू झाल्या. लोक पैसे लावतात, सायकलपटू गोल ट्रॅकवर जीव खाऊन पळतात, सायकलींना ब्रेक नाही, गिअर नाही. पैशांचा मामला असल्याने कोणाच्या सायकलीत काही जादा करामत नको, म्हणून फ्रेमपासून चेनपर्यंत प्रत्येक भागाला संघटनेची मंजुरी लागते आणि मंजूर भागावर 'एनजेएस' असा शिक्का असतो. एकगिअरीने तसा शिक्का असलेली, सीटखाली बसणारी एक नळी जपानहून मागवली आहे. शिक्का नळीवर अशा काही जागी आहे की सीट बसवली की तो फ्रेममध्ये जातो आणि दिसत नाही. म्हणून सध्या ती नळी शोकेसमध्ये आहे.

तिसऱ्या अध्यायात न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतले कुरिअरवाले येतात. टपाल पोचवण्याच्या घाईत मोटारींमधून सुसाट जाणाऱ्या या पोरांना ट्रॅकची सायकल सोयीची वाटली: मोडायला काही नाही, चोरायला काही नाही. त्यांनी पोटासाठी जे केलं ते पाहून ज्यांची पोटं भरलेली होती त्यांनाही तसं करावंसं वाटलं, आणि फॅशन झाली. चौथा अध्याय मॅसॅच्युसेट्समधले दाढीवाले सायकल-मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांचा. फिक्सीवर त्यांच्याइतकं सोपं आणि खुसखुशीत क्वचितच कोणी लिहिलं असेल. २००८ साली ते गेले. एकगिअरी अजून त्यांचा उल्लेख वर्तमानकाळात करतो.

पुराणात शेवटी फलश्रुती असावी तसं तो २०१९ वर येतो. त्या वर्षी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट-आन-देर-ओडर इथे कनिष्ठ गटाच्या जागतिक ट्रॅक स्पर्धेत भारताच्या मुलांनी टीम स्प्रिंटमध्ये सुवर्णपदक मिळवलं. "कसल्या सायकलीवर?" तो विचारतो, आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या सायकलीच्या सीटवर थाप मारतो. पुण्यातही बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सायकलींचा ट्रॅक आहे, असं मी त्याला म्हणालो. त्याला ठाऊक होतं. तो तिथे बॅडमिंटनला जातो.

आता सायकल बांधण्याविषयी. एकगिअरी सायकल विकत घेत नाही, बांधतो. त्याची सुरुवात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात होते. जुनी पोलादी फ्रेम हवी, नळ्या बारीक हव्यात आणि मागच्या चाकाची खाच आडवी हवी. आडवी अशासाठी की चाक मागे ओढून चेन ताणता आली पाहिजे. गिअरच्या सायकलीत ते काम डिरेलर करतो, इथे करायला कोणी नाही. अशी फ्रेम एका विक्रेत्याकडे मिळाली. पुढचा संवाद मी शेजारी उभा राहून ऐकला.

"मडगार्ड याच्यातच देतो, सायेब."

"मडगार्ड नकोत."

"कॅरिअर घ्या मग. दणकट आहे. सिलिंडर नेला तरी वाकायचा नाही."

"नको."

"स्टँड?"

"नको."

"घंटी तरी?"

"नको."

विक्रेत्याने फ्रेम हातातून खाली ठेवली आणि अत्यंत काळजीच्या सुरात विचारलं, "सायेब, तुम्हाला नक्की सायकलच पाहिजे ना?"

फ्रेम मिळाली की ती कोपऱ्यावरच्या मामांकडे जाते. मामांचं दुकान म्हणजे वडाचं झाड, हवेचा पंप, पाण्याची घमेली आणि छऱ्यांचे डबे. पंक्चर काढणं, चाकाचा आउट काढणं आणि गिऱ्हाइकाच्या अकलेचं माप काढणं ही तिन्ही कामं ते एकाच वेळी करतात. एकगिअरीने त्यांना समजावलं की फ्रीव्हील काढून तिथे पक्कं चक्र बसवायचं आहे, म्हणजे मागे कटकट होता कामा नये.

"म्हणजे जाम करायचं ना?" मामा म्हणाले. "त्याला एवढं भाषण कशाला? फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून आणतो. ऐंशी रुपये."

एकगिअरीच्या चेहऱ्यावरून रक्त उतरलं. त्याने पिशवीतून एक डबी काढली, डबीतून मऊ कागद, कागदातून चक्र आणि एक चपटी कडी. हबही परदेशी होता. मामांनी चष्मा वर सारून तो उजेडाकडे धरला. हबच्या एका अंगाला आट्यांच्या दोन पायऱ्या होत्या: आतली मोठी, बाहेरची किंचित लहान. चक्र मोठ्या आट्यांवर उजवीकडे फिरवून बसलं. मग एकगिअरी सांगायला पुढे झाला, "मामा, आता ही कडी मात्र…"

"उलट्या आट्याची आहे," मामा म्हणाले. "डाव्या पॅडलला असतो तसा."

त्यांनी कडी डावीकडे फिरवून आवळली. पॅडलवर उलटा जोर आला की चक्र सैल व्हायला बघणार. ते सैल व्हायला लागलं की कडीला लागून कडी आणखी घट्ट होणार. चक्र सुटायचं म्हणेल तर कडी सोडणार नाही. मामांनी दोन-तीनदा बोटाने चाचपून पाहिलं आणि मान हलवली. "ज्याने केलंय त्याला डोकं आहे." मग चाक हाताने फिरवलं, त्याबरोबर फिरणाऱ्या पॅडलकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पण पायाचा विसावा काढून घेतला, तेव्हा ते कुठे गेलं होतं?"

खरा वेळ चेनमध्ये जातो. चेन मधोमध बोटाने दाबली की साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त सैल झाली तर उतरेल, आणि फिक्सीची चेन चालत्या वेगात उतरली तर चाक जागीच अडकू शकतं. जास्त ताणली तर छर्रे ओरडतात. त्यात पुढचं चक्र कधीच नीट मध्यावर नसतं. एका जागी ताण पडतो, अर्ध्या फेऱ्यावर ढील. मग त्याचे बोल्ट सैल करायचे, पान्याच्या मुठीने हलकेच ठोकायचं, पुन्हा फिरवून बघायचं. मामा आणि एकगिअरी दोघं डोक्याला डोकं लावून संध्याकाळपर्यंत हे करत बसले. मध्ये पंक्चर घेऊन आलेला एक कॉलेजचा मुलगा बराच वेळ थांबला, शेवटी त्याने स्वतःच टायर काढून, घमेल्यात ट्यूब बुडवून, ठिगळ लावलं आणि सोल्युशनचे पैसे पंपावर ठेवून निघून गेला. दोघांना पत्ता नाही.

सायकल झाली की गणित येतं. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्या चक्राला १६. छान तिप्पट हिशेब. महिनाभरात मागच्या टायरला एकाच जागी भोकासारखा खड्डा पडला. आतला कॅनव्हास दिसायला लागला. बाकी टायर नवाकोरा. कारण असं: ब्रेक न लावता थांबायचं तर हे लोक अंग पुढे झोकतात, मागचं चाक हलकं करतात आणि पाय ताठ करून पॅडल अडकवतात. चाक फरफटत जातं. पाय दर वेळी त्याच स्थितीत अडकतात. पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे होत असतील, तर टायरची तीच जागा दर वेळी रस्त्याला घासणार.

उपाय त्याला मुलाच्या गणिताच्या वहीत सापडला. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या. ४८ छेद १६ म्हणजे ३ छेद १. खाली १ उरला, म्हणून घासायला एकच जागा. मागे १७ दात्यांचं चक्र लावलं तर ४८ छेद १७. याला कशानेही भाग जात नाही. खाली १७ तसेच राहतात, म्हणजे घासायला टायरवर १७ वेगवेगळ्या जागा. एक दाता वाढला आणि टायरची झीज सतरा ठिकाणी वाटली गेली! तेव्हापासून एकगिअरीचं मूळ संख्यांवर प्रेम बसलं आहे. आता पुढेही ४७ दात्यांचं चक्र लावावं असं त्याच्या मनात आहे. त्याने काही वाढत नाही, हे त्याच्या सहावीतल्या मुलाने त्याला करून दाखवलं. "अरे, पण दोन्ही मूळ!" हे त्यावर त्याचं उत्तर.

४८ आणि १७ घेऊन एकगिअरी रस्त्यावर आला. चढावर माणूस दमतो आणि उतारावर सुटतो, ही आपली पिढ्यान्पिढ्यांची समजूत. याची सायकल चढावर बरी चालते. लय सापडली की पॅडल स्वतःच पाय वर उचलून देतं. हा दमतो उतारावर. चांदणी चौकातून पौड रस्त्याने कोथरूडकडे यायला लागलं की बाकीचे सायकलवाले पाय सैल सोडून, वारा खात, फोटोसाठी हसत उतरतात. यांच्यामध्ये हा. ताशी ४० किलोमीटरला त्याच्या पायांना मिनिटाला सुमारे ११२ फेरे घालावे लागतात. कमरेच्या वर संथ वाहणारा सद्गृहस्थ आणि कमरेखाली शिवणयंत्राची सुई. वेग जितका जास्त तितका चेहरा स्थितप्रज्ञ, कारण चेहऱ्यावर काही दाखवायला शक्ती उरलेली नसते.

त्यात आपले गतिरोधक. गतिरोधक आला की पाय थांबवून, सीटवरून किंचित उठायचं, ही लहानपणापासूनची सवय पायांत भिनलेली असते. पहिल्या आठवड्यात एकगिअरीचे पाय सवयीने थांबले. सायकल थांबली नाही. तिने त्याला मागच्या पॅडलने उचललं, हँडलवरून पुढचा रस्ता जवळून दाखवला आणि परत सीटवर ठेवलं. वळणावरही पंचाईत. साध्या सायकलीत वळताना आतल्या बाजूचं पॅडल वर धरता येतं. इथे ते आपल्या वेळेला खाली येणार म्हणजे येणारच, आणि त्याच वेळेला तिथे खड्ड्याची कड असणार. पुण्यातल्या खड्ड्यांचा एवढा बारकाईने अभ्यास महापालिकेनेही केलेला नसेल.

पण एकगिअरीचं खरं दर्शन घ्यायचं तर नळ स्टॉपच्या सिग्नलला. लाल दिवा लागला की तो पाय टेकत नाही. पुढचं चाक किंचित वळवतो, पॅडल आडवं धरतो, तळहाताएवढं पुढे, तळहाताएवढं मागे करत दोन चाकांवर जागच्या जागी उभा राहतो. याला ट्रॅकस्टँड म्हणतात. बघायला खरोखर सुंदर दिसतं. दिवा मात्र दीड-दोन मिनिटांचा असतो. तिसाव्या सेकंदाला मांडी थरथरायला लागते. साठाव्याला घाम. एके दिवशी शेजारच्या रिक्षावाल्याने हे सगळं बघितलं, बाहेर डोकावून रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "दादा, टेका पाय. कोण बघत नाही."

घरच्यांची बाजू वेगळी आहे. पंथाच्या कडव्या शाखेत ब्रेक निषिद्ध. एकगिअरीही त्याच शाखेत जाणार होता, पण वहिनींनी एकच वाक्य उच्चारलं: "ब्रेक नसेल तर सायकल भिंतीवरून खाली येणार नाही." त्यामुळे पुढच्या चाकाला ब्रेक आहे. तो कोणी दाखवला की एकगिअरी, "तो फक्त भावनिक आहे," असं म्हणतो. पावसाळ्यात मडगार्डचा हिशेब चुकता होतो. मागचं चाक मानेपासून कमरेपर्यंत मणक्याच्या रेषेत चिखलाची सरळ पट्टी ओढतं. दोरी न लावता इतकी सरळ रेघ एखादा गवंडीही मारणार नाही. आणि कोथिंबीर आणायची असली की हा स्कूटर काढतो. सायकलीला पिशवी अडकवायला काही ठेवलेलंच नाही. दूधवाल्याच्या सायकलीवर दोन कॅन, एक पिशवी आणि वेळ पडली तर एक पोरगं असतं. त्याच जातीची, चौपट किमतीची ही सायकल स्वतःखेरीज काही वाहून नेत नाही.

काका म्हणतात, "आमच्या वेळी रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे. तुझ्या सायकलीत सोडण्यासारखं हवेशिवाय काही उरलेलंच नाही."

फ्रीव्हील लावून एकच गिअर ठेवणारे लोकही असतात. सिंगलस्पीड म्हणतात त्याला. कोणीही बाहेरचा माणूस या दोघांना एकाच माळेचे मणी समजेल. एकगिअरीला तसं म्हटलेलं खपत नाही. सत्तावीस गिअरवाल्याला तो क्षमा करतो. तो बिचारा अजाण. सिंगलस्पीडवाल्याला क्षमा नाही. एवढा जवळ येऊन तो सवलत घेतो!

आणि आता ते उलट्या चाकाचं प्रकरण. एकगिअरीच्या हबला दोन अंगं आहेत. एका अंगाला पक्कं चक्र, दुसऱ्या अंगाला आटे, ज्यांवर फ्रीव्हील बसतं. "ते कारखान्यातूनच तसं येतं," एवढंच तो त्याबद्दल सांगायचा. गेल्या महिन्यात तो सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आला आणि चार दिवस जिना उतरताना कठडा धरत होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमधून तो येताना दिसण्याआधी आवाज ऐकू आला. कटकट-कटकट-कटकट.

काकांनी पेपर खाली केला. एकगिअरी थांबला, उतरला, आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाला, "गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तात्पुरतं." मग थोडा विचार करून, "तूरमध्येसुद्धा चाक उलटं बसवायचेच की."

"हो," काका म्हणाले, "पण ते घाट चढताना."

चेष्टा पुरे. या माणसाचं एक बरं सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं व्हायचं नाही. भारीतल्या गिअरच्या सायकली पावसाळा संपला की दुकानात रांगेत उभ्या असतात. कोणाचा डिरेलर वाकला, कोणाची केबल गंजली. याच्या सायकलीत बिघडायला भागच कमी, आणि जे आहेत त्या प्रत्येकाला याचा हात लागलेला आहे. मामांकडे बसून बसून तो चाकाचा आउट काढायला शिकला. रविवारी सकाळी सोसायटीतल्या पोरांच्या सायकली याच्याकडे रांगेने येतात. दूधवाल्याची सैल झालेली चेन तो आपला चहा बाजूला ठेवून ताणून देतो. सोसायटीत बाकी कोणालाच आपल्या गाडीच्या बॉनेटखाली काय आहे हे ठाऊक नाही. घरात लिफ्ट, ऑफिसात एसी, दारात डिलिव्हरी, अशा सगळ्या सवलती घेऊन झाल्यावर एका ठिकाणी तो सवलत नको म्हणतो, हे हास्यास्पद आहे हे खरं. पण त्या एका ठिकाणी त्याला यंत्र कळलं आहे, आणि यंत्र कळलेला माणूस आजकाल सोसायटीत एखादाच सापडतो. त्याने गुडघे बरे झाले की चाक पुन्हा सुलटं करावं, असं माझं मत आहे. वहिनींचं नाही.

तुमच्याही सोसायटीत एखादा एकगिअरी असेलच. त्याच्या घरच्यांनी पुढच्या ब्रेकचा आग्रह सोडू नये. त्याची चेन पुसून द्यायची हौस आली तर चाक फिरत असताना फडकं लावू नका. या सायकलीत चाक थांबेपर्यंत चेन थांबत नाही आणि चेन व चक्राच्या मध्ये सापडलेलं बोट ती सोडत नाही. ओढणी, पायजम्याची नाडी आणि बुटाची लेस यांनाही तोच नियम. आणि "बघू रे, एक चक्कर मारून देतो" असं म्हणून सायकल घेतलीच, तर समोर गतिरोधक दिसल्यावर काहीही करा, पाय थांबवू नका.